वेगळी बादली

आमच्या थोरल्या जाऊबाई घाबरतात. मी चहाडी म्हणून हे सांगत नाही, आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांनाच ते ठाऊक आहे. गॅस बंद केला की त्या पुन्हा वाकून बघतात. कुलूप लावलं की ओढून बघतात, आणि ओढून बघितलं की नाही याची खात्री वाटेनाशी झाली की कोपऱ्यावरून परत येतात. मी त्यांना वहिनी म्हणते. भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान आणि माझे मोठे दीर, म्हणायचे, "हिला काळीज देताना सशाचं दिलंय." लेक तर तोंडावर विचारायची, "आई, आज कशाला घाबरायचं ठरलंय?" मीही हसायचे. एकाच घरात राहून दिवसभर गंभीर चेहऱ्यानं वावरायचं तरी किती?

घराला लागूनच गोठा. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की आधी एक दगडी कट्टा, मग नळ, मग गोठ्याचा उंबरा. आत पाच गायी, खाली सिमेंटची जमीन, मधून पाणी वाहून जायला नाली. गोठा वहिनींचा. भाऊजी वैरण आणायचे, कॅन डेअरीच्या गाडीत चढवायचे, पण गायीच्या अंगाला हात लावायचा तो वहिनींनीच. भाऊजींनी हौसेनं एकदा धार काढायला घेतली, तर गायीनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते स्वतःच उठले.

वहिनींची धार काढायची पद्धत बघण्यासारखी होती. बादली घेण्याआधी त्या हातात एक काळी वाटी घ्यायच्या. प्रत्येक सडाची पहिली चिळकांडी त्या वाटीत. काळ्यावर पांढरं स्पष्ट दिसतं. दुधात बारीकशी गाठ असली, पाणी सुटलेलं असलं, की तिथेच कळायचं. मग त्या वाटी उजेडाकडे धरायच्या, कलती करायच्या, नाकाशी न्यायच्या. सराफसुद्धा सोनं इतकं निरखत नसेल. मग हाताच्या उलट्या बाजूनं कास चाचपायच्या. एखादा भाग गरम लागतोय का, कडक लागतोय का. कास सुजून दगडासारखी होते म्हणून गवळी त्या दुखण्याला दगडीच म्हणतात. वहिनी मात्र तो शब्द उच्चारायच्या नाहीत. "हिचं जरा बरं नाही" एवढंच म्हणायच्या.

त्याला कारण होतं, आणि ते कारण दिवसभर घरात बडबडत फिरायचं.

त्यांच्या लेकीला आम्ही पोपट म्हणतो. तोंड मिटलेलं कोणी पाहिलं नाही. आता ती चष्म्याच्या दुकानात काम करते आणि गिऱ्हाइकाचा नंबर तपासता तपासता त्याच्या घरची सगळी हकीकत काढून घेते. पण लहान असताना तिला एकदा ताप आला होता, आणि दवाखान्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. सुई बाहेर निघते न निघते तोच तिचे ओठ सुजले, डोळे मिटले, आणि घशातून शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला. डॉक्टर जागेवरच होते म्हणून ती वाचली. ते नंतर म्हणाले, "हे औषध हिच्या पोटात कधीही जाता कामा नये. थोडंसुद्धा." आणि उठता उठता त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे गायी आहेत ना? मग दुधाकडे लक्ष ठेवा. कासेत हीच औषधं सोडतात. ती दुधात उतरतात, आणि उकळलं तरी पुरती जात नाहीत."

त्या दिवसापासून वहिनींची झोप हलकी झाली ती झालीच. घरात बाहेरचं दूध बंद. कोणत्या गायीला काय टोचलंय कोण जाणे! आणि आपल्या गोठ्यात कासेत सोडायच्या औषधाच्या नळ्या बंद. पण नळ्या बंद केल्या म्हणून दगडी थोडीच बंद होणार?

मग त्यांनी दुसरा मार्ग धरला, तोही आपल्या मनानं नाही. गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाशी तरी भांडल्या. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. लेकीचं त्यांना एकट्यांना सांगितलेलं होतं. त्या म्हणाल्या, "नुसत्या गाठी येताहेत, गाय खातेय, ताप नाही, तर नळीशिवाय बघू. बऱ्याच वेळा गाय आपली आपण निस्तरते, आपण मदत करायची. नमुना मात्र मला तपासायला द्यायचा. आणि ताप चढला, खाणं सुटलं, तर माझं ऐकायचं. तेव्हा शेकत बसलात तर गाय मरेल."

"तेव्हा गाय तुमच्याकडे ठेवीन," वहिनी म्हणाल्या. "औषध तिथे द्या. दूध स्वच्छ झालं असं तुम्ही म्हणालात की परत आणीन."

असा करार झाला आणि दोघींनी तो पाळला. मदत करायची म्हणजे काय, ते मी रोज बघत होते. दुखरं सड पुन्हा पुन्हा निपटून रिकामं करायचं, म्हणजे आतली घाण दुधाबरोबर बाहेर पडते. सूज नवी असेल तर गार पाण्याची धार, जुनी झाली की गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याचा शेक. मग पुदिन्याच्या वासाचं मलम लावून खालून वर हलक्या हातानं चोळायचं. खालचं अंथरूण कोरडं. धार काढून झाली की सड आयोडीनमध्ये बुडवायचं आणि गाय लगेच बसू नये म्हणून पुढ्यात वैरण टाकायची. सांगायला सोपं आहे. कासेशी वाकून वाकून वहिनींची पाठ कामातून गेली. गाय लाथ झाडायची ती वेगळीच. एकदा इतकं करूनही एका गायीचं सड कायमचं आटलं. वहिनी तिच्या गळ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "तुझं मी नुकसान केलं गं." मला तेव्हा हसू आलं नाही.

अशी शुश्रूषा चाललेल्या गायीच्या मागच्या पायाला त्या तांबडी पट्टी बांधायच्या, म्हणजे तिला विसरायचं नाही. दुखऱ्या सडाचं दूध नालीत. उरलेली तीन सडं काळ्या वाटीत स्वच्छ दिसली, तरी ते दूध डेअरीच्या कॅनमध्ये नाही. "लोकांच्या पोटात जाणारं आहे, उगाच कशाला?" मग ते जायचं एका लहान स्टीलच्या बादलीत, आणि ती बादली त्या मागच्या दाराशी कट्ट्यावर ठेवायच्या. ते दूध घरात. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "तेही टाका हो." पण चांगलं दूध नालीत ओतायला वहिनींचा हात धजायचा नाही. औषध नाही, काही नाही, उकळून घेतलं की झालं. कट्ट्यावर लहान बादली दिसली की भाऊजी ती उचलून आत आणायचे, गाळायचे, गॅसवर ठेवायचे. गोठ्यातलं तेवढं एक काम त्यांना जमायचं आणि ते त्यांनी कधी चुकवलं नाही.

यंदा वहिनींच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करून टाका. वहिनींना शस्त्रक्रियेची भीती वाटली नाही याचं मला नवल वाटलं. त्यांना भीती गोठ्याची. त्यातून हट्टी नावाची आमची सगळ्यात दुधाळ गाय, तिच्या एका सडातून आदल्याच दिवशी बारीक गाठी यायला लागल्या होत्या.

बदली गवळी मिळाला. मोठ्या डेअरीच्या गोठ्यांत वर्षानुवर्षं काम केलेला, हाताचा हलका, बोलायला मऊ. गायी त्याला बघून लगेच पान्हा सोडायच्या. वहिनींनी त्याला सगळं दाखवलं. काळी वाटी, फडकी, मलम, आयोडीन. त्यानं निमूट ऐकलं.

"आणि नळ्या सोडायच्या नाहीत," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे चालत नाही."

"बरं, ताई."

"अगदी नाही."

"बरं म्हटलं ना ताई. तुम्ही निर्धास्त जा."

मी भांडी पुसत ऐकत होते. मला वाटलं, आता त्या कारण सांगतील. त्यांनी नाही सांगितलं. आजवर डॉक्टरीणबाई सोडल्या तर कोणालाच सांगितलं नव्हतं. लोक मुलीला अधू म्हणतील ही एक भीती. दुसरी त्याहून मोठी, की वाईट तोंडातून काढलं की ते खरं होतं. घरात फक्त आम्हीच असतानाही त्या विषयावर बोलताना त्या आवाज खाली आणायच्या, जणू भिंती टिपून ठेवतील. गवळ्याला काय करायचं नाही ते कळलं. का करायचं नाही ते कळलं नाही. त्यानं मनाशी धरलं असणार, की ही बाई जुन्या वळणाची आहे, शेकण्यावर विश्वास आहे, असू दे बापडी.

पोपट आईबरोबर इस्पितळात राहिली. घरी भाऊजी आणि मी. आमचे हे कामासाठी परगावी असतात. दुसऱ्या दिवशी हट्टीनं वैरणीकडे तोंड फिरवलं. कास तापली होती, हात लावू देईना. गवळ्यानं शेकलं, निपटलं. गाय कण्हत होती. ते कण्हणं स्वयंपाकघरात ऐकू यायचं. वहिनी असत्या तर गाय तेव्हाच डॉक्टरीणबाईंकडे गेली असती. पण वहिनी त्या वेळी शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत्या, आणि भाऊजी तिकडे बाहेर बाकावर. परक्याची गाय आपल्या हातात मरते की काय, म्हणून गवळी घाबरला. त्याच्या पिशवीत नळ्या होत्या. मोठ्या गोठ्यात गवळ्याच्या पिशवीत त्या असतातच. त्यानं हट्टीच्या दोन सडांत त्या सोडल्या.

आणि मग त्यानं आपल्या सवयीनं, अगदी नेकीनं, करायचं ते सगळं केलं. तिच्या मागच्या पायाला तांबडी पट्टी होतीच, त्याच्या दृष्टीनं खूण तयार होती. मोठ्या गोठ्यात तांबडी पट्टी म्हणजे औषध दिलेली गाय, तिचं सगळं दूध टाकायचं. त्यानं तिची धार सगळ्यांत शेवटी काढली, चारही सडांची एकत्र, कारण टाकायचंच आहे. चुकून कॅनमध्ये जाऊ नये म्हणून ती लहान बादलीत काढली. आणि ती बादली गोठ्यातून बाहेर, कट्ट्यावर ठेवली.

भाऊजी परत आल्यावर त्यानं मुद्दाम सांगितलं, "दादा, पट्टीवालीचं दूध वेगळं ठेवलंय हं."

"माहीत आहे, माहीत आहे," भाऊजी म्हणाले. गोठ्यातलं काहीतरी आपल्यालाही माहीत असतं, याचा त्यांना आनंद झालेला मला दिसला.

पहिल्या दिवशीचं दूध उकळताना फाटलं. "गरमीनं असेल," असं म्हणून भाऊजींनी ते ओतून दिलं. पुढच्या धारेला मात्र दूध छान निघालं. औषध लागू पडलं होतं ना! हट्टी उभी राहिली, रवंथ करायला लागली. वहिनींना घरी सोडणार त्या सकाळी भाऊजींनी बादली आणली, गाळली, उकळली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. "आज मायलेकी येणार. इस्पितळातला तो पाणचट चहा पिऊन कंटाळल्या असतील," ते मला म्हणाले. मी माझ्या खोलीत चादरी बदलत होते. दुधाच्या सायीचा वास घरभर पसरला होता आणि घर पुन्हा घरासारखं वाटत होतं.

वहिनी आल्या त्या पोटावर हात धरून. पोपट मागे पिशव्या घेऊन, रिक्षापासून दारापर्यंत अखंड बोलत. "काकू, आईनं शुद्धीवर येताना पहिला शब्द काय उच्चारला सांग. हट्टी! डॉक्टरला वाटलं त्यालाच म्हणतेय!"

मी खुर्ची पुढे केली. वहिनी बसल्या नाहीत. तशाच आतून मागच्या दारानं गोठ्यात गेल्या. मी मागोमाग, टाके उसवतील म्हणून कुरकुरत. भाऊजी तिथे उभे होते, एखाद्याला बक्षीस द्यायचं असावं तसे.

"बघ," ते म्हणाले. "अगदी बरी झाली तुझी हट्टी."

वहिनी वाकल्या. कासेवर हाताची उलटी बाजू ठेवली. पुन्हा ठेवली. कास मऊ होती, गार होती. मला वाटलं त्या हसतील.

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"इतक्या लवकर?" त्या म्हणाल्या.

बरी झालेली गाय बघून कोणी इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पण ज्यांनी इतकी वर्षं हाताला फोड येईतो शेकलंय, त्यांना ठाऊक असतं की शेकण्यानं सूज कशी उतरते. रेंगाळत उतरते. आज थोडी, उद्या जरा जास्त. अशी एकदम उतरत नाही. त्यांनी सडाच्या टोकाला बोट लावलं आणि अंगठ्याशी चोळलं. तेलकट होतं.

"काय घातलं?"

गवळी कोपऱ्यात फडकी वाळत घालत होता. तो वळला. "ताई, गाय जात होती. खाईना. मी दोन नळ्या सोडल्या. पण काळजी करू नका, थेंबभर दूध कॅनमध्ये गेलं नाही. सगळं वेगळ्या बादलीत काढून बाहेर ठेवत होतो, टाकायला."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. त्यांनी नुसता स्वयंपाकघराकडे हात केला.

आतून पोपटचा आवाज येत होता. चहा करता करता ती मोठ्यानं आमच्याशीच बोलत होती. "बाबा, दूध काय मस्त तापवलंय हो, साय बघा केवढी! मी तर आधी घोटभर तसंच..." आणि मग ती खाकरली. पुन्हा खाकरली. "घसा कसा..." आणि आवाज थांबला.

त्या घरात पोपटचा आवाज मध्येच थांबणं काय असतं ते मला सांगता येणार नाही.

आम्ही आत धावलो. ती ओट्याला धरून उभी होती. हातातला पेला रिकामा. गळ्यावर तांबडे चट्टे उठत होते, आमच्या डोळ्यांदेखत एकाला दुसरा जोडत. खालचा ओठ सुजत होता. ती आईकडे बघत होती आणि आईच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, आयुष्यभर आईला हसलेली ती मुलगी भ्यायली. घशातून शीळ यायला लागली.

वहिनी ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. ज्या बाईला कुलपाची भीती वाटते ती थंडपणे म्हणाली, "हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. चालवत नाही, उचलून." आणि गवळ्याकडे वळून, "नळी दे."

त्याला काही कळत नव्हतं, तरी तो पळाला. रिकामी नळी आणून त्यानं वहिनींच्या हातात दिली आणि दाराशी लावलेली आपली मोटारसायकल सुरू केली. पोपटला मध्ये बसवलं, मागे मी, माझे हात तिच्या कमरेभोवती. दवाखाना गल्लीच्या टोकाला, पण ती गल्ली त्या दिवशी संपेना. पुढे भाजीची हातगाडी, मग शाळेची गाडी, मग उगाचच रस्त्याच्या मधोमध उभा राहून फोनवर बोलणारा एक माणूस. मी त्याला जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोपटचं डोकं मागे माझ्या खांद्यावर पडलं होतं. प्रत्येक श्वास ती ओढून ओढून घेत होती, आणि तिचा झाला की मग मी घेत होते. एकदा तो यायला उशीर झाला. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेलं! तिच्या बारशापासून ते, देव न करो, ते नको म्हणायला.

डॉक्टर पेशंट तपासत होते. मी दारातूनच ओरडले, "पेनिसिलिन! दुधातून! हिला चालत नाही!" त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला, पाय उंच केले. मला बाहेर घालवलं. मी पडद्याला धरून उभी राहिले. आतून शीळ ऐकू येत होती, म्हणजे श्वास आहे. ती थांबली तर चांगलं की वाईट तेही मला कळत नव्हतं.

मग वहिनी आल्या. चालत. पोटाला ओढणी घट्ट बांधलेली, एक हात भाऊजींच्या खांद्यावर, आणि दुसऱ्या मुठीत ती रिकामी नळी. आत जाऊन त्यांनी ती डॉक्टरांसमोर धरली. डॉक्टरांनी नाव वाचलं, मान हलवली. "बरं झालं आणलंत. आता उतार आहे. पण रात्रभर इथेच ठेवू. पुन्हा उसळू शकतं."

वहिनी तिथल्या स्टुलावर बसल्या. तेव्हा कुठे त्यांनी पोटावरच्या ओढणीची गाठ सैल केली.

गवळी बाहेर पायरीवर बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं. वहिनी दारात आल्या तेव्हा तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, एवढंच सांगायचं होतंत. गाय मेली असती तरी मी हात लावला नसता."

"हो," वहिनी म्हणाल्या. "एवढंच सांगायचं होतं." त्यांनी भिंतीला हात टेकला. "तू बस. तू गाय वाचवलीस. शेकून ती वाचली नसती."

नंतर डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. हट्टीला औषध लागणारच होतं, फक्त ते त्या गोठ्यात नको होतं.

पोपट घरी आली. आता ती पूर्वीइतकीच बोलते, फक्त मधूनच थांबून घसा साफ करते, आणि ती थांबली की घरातले सगळे थांबतात. वहिनींनी पट्टीवाल्या गायीचं दूध घरात घ्यायचं बंद केलं, नालीत ओततात, आणि ओतताना तोंड वाकडं करतात. आणखी एक बदल झाला. त्या आता सांगतात. डेअरीच्या गाडीवाल्याला, शेजारणीला, चष्म्याच्या दुकानाच्या मालकाला, कोणी पाणी प्यायला घरात आलं तर त्यालाही. "माझ्या मुलीला पेनिसिलिन चालत नाही." मोठ्या आवाजात सांगतात, अगदी भिंतींना ऐकू जाईल असं.

भाऊजींना मात्र त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. मला वाटलं, राग धरलाय. एखादा शब्द बोलून मोकळ्या झाल्या तर बरं, असंही वाटलं, कारण भाऊजींकडे बघवत नव्हतं. दूध उकळण्याचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. पण आता रोज सकाळी ते पातेल्यातून वाटीभर दूध आधी स्वतःसाठी काढतात. उभ्यानं पितात. मग ओट्याशी हात टेकून थांबतात, गळ्यावरून बोट फिरवतात, आरशात जीभ बघतात. बराच वेळ जातो. मग म्हणतात, "दे आता तिला."

एके दिवशी मला राहवलं नाही. भाऊजी बाहेर गेल्यावर मी वहिनींना म्हटलं, "अहो वहिनी, याला काय अर्थ आहे? त्यांना कुठे पेनिसिलिनचं वावडं आहे? त्यांनी घागरभर प्यायलं तरी काय कळणार आहे? सांगा ना त्यांना."

वहिनी काळी वाटी घासत होत्या. त्यांनी ती उजेडाकडे धरली, कलती केली, पुन्हा घासायला घेतली.

"त्यांना कळतं गं," त्या म्हणाल्या. "पिऊ दे. इतकी वर्षं या घरात मी एकटीच घाबरत होते. आता दोघं आहोत."